४६ नंबरच्या दाराशी

मुंबई हायकोर्टाच्या जुन्या इमारतीत ४६ नंबरच्या कोर्टाबाहेर एक संगमरवरी फलक आहे. समोरून वकील बँड सावरत जातात, कारकून ब्रीफचे गठ्ठे छातीशी धरून धावतात, तारखेला आलेला पक्षकार बोर्डावर आपला नंबर शोधतो. फलक जागचा हलत नाही. त्याचं म्हणणं एकच : ज्यूरीनं दोषी ठरवलं तरी मी निर्दोष आहे. शब्द लोकमान्य टिळकांचे, २२ जुलै १९०८ च्या रात्रीचे.

त्या रात्री आत न्यायासनावर दिनशा दावर होते. खटला ‘केसरी’तल्या लेखांवरचा. लेख मराठी, आणि ज्यूरीपुढे त्यांची इंग्रजी भाषांतरं! टिळक स्वतःच्या बचावासाठी २१ तास बोलले. ज्यूरीत सात युरोपियन, दोन पारशी. सात विरुद्ध दोन असा कौल पडला. दावरांनी सहा वर्षं हद्दपारी आणि १००० रुपये दंड सुनावला. दुसऱ्या दिवशी टिळकांना ५२ वर्षं पूर्ण होणार होती.

दावरांच्या कारकिर्दीपाशी माझं मन अडतं. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात न्यायमूर्ती बद्रुद्दिन तय्यबजींपुढे टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिलेले बॅरिस्टर हेच. वकील अशिलाचा असतो आणि न्यायाधीश कायद्याचा, हे मला मान्य आहे. पण शिक्षा देताना त्यांनी त्या लेखांमागचं मन रोगट आणि विकृत असल्याचं म्हटलं. ते बोलायची कायद्याला काहीच गरज नव्हती.

पुढे दावरांना ‘सर’ किताब मिळाला. वकिलांनी मेजवानी द्यायचं ठरवलं, तेव्हा बॅरिस्टर जिनांनी त्याला सडेतोड विरोध केला, असं छागलांनी आत्मचरित्रात लिहिलं आहे. जिनांच्याच चेंबरमध्ये घडलेले हे महंमद करीम छागला १९४७ मध्ये या कोर्टाचे मुख्य न्यायाधीश झाले. टिळकांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९५६ मध्ये, त्यांनीच हा फलक उघडला आणि त्या शिक्षेला जाहीरपणे अन्याय म्हटलं. आपल्याच कोर्टाची चूक आपल्याच भिंतीवर कोरायला फार मोठं मन लागतं. न्यायाधीशाची थोरवी मी तिथं पाहतो.

कधी कामानिमित्त हायकोर्टात गेलात, तर तारखेच्या घाईतही त्या दाराशी दोन मिनिटं थांबा. फलक शेवटपर्यंत वाचा, आणि मगच आत जा.