मीठा बहार

मराठी घरात अंजीर बहुधा औषधाच्या दारानं येतं. कुणाचं पोट साफ होत नाही, कुणाचं हिमोग्लोबिन उतरलेलं असतं. मग रात्री वाटीत दोन सुकी अंजिरं भिजत पडतात. सकाळी ती उपाशीपोटी चावायची, वरचं पाणी घोटायचं आणि कर्तव्य उरकल्यासारखं चहाकडे वळायचं. इतकं गोड फळ इतक्या निरिच्छपणे खाल्लेलं दुसरं माझ्या पाहण्यात नाही. त्यातून नवल असं की ही वाटी वर्षानुवर्षं भिजवणाऱ्या कितीतरी पुणेकरांनी दिवे घाटापलीकडचं ताजं अंजीर कधी मनापासून खाल्लेलंच नसतं.

घाट चढून वर आलं की दिवे, सोनोरी, गुरोळी, सिंगापूर, वाघापूर अशी गावं लागतात. पाऊस बेताचा, हवा कोरडी, जमीन पाणी धरून न ठेवणारी. अशा ठिकाणी अंजीर रमतं. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि जाधववाडीला महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं अंजीर व सीताफळ संशोधन केंद्रही आहे. बागाईतदार वर्षात दोन बहार धरतात. खट्टा बहाराचं फळ थंडीत येतं, त्याला भाव बरा मिळतो, पण चव जरा पाणचट. मीठा बहार पावसाळा सरताना धरतात आणि त्याचं फळ मार्चपासून मेपर्यंत, ऐन उन्हात पिकतं. खायचं तर हे. खट्ट्यावर अंजिराची पारख करणाऱ्याशी मी वाद घालत नाही, उन्हाळ्यापर्यंत थांबायला सांगतो.

पिकलेलं अंजीर झाडावरच मान टाकतं. देठ सैलावतो, हिरव्या सालीवर जांभळट झाक चढते, बुडाशी बारीक चिरा पडतात. बोटांनी दोन फाका केल्या की आत गुलाबी, ओलसर गर आणि त्यात खसखशीएवढ्या बिया, दाताखाली कुरकुरणाऱ्या. वास अगदी मंद. हेच फळ दोन दिवस आधी तोडलं तर देठातून पांढरा चीक ठिबकतो. हाताला लागला तर खाज, ओठाला लागला तर आग. या चिकानं दूध फाटतं, म्हणून भूमध्य समुद्राकाठी पूर्वापार चीज करायला तो वापरत आले. फळ पुरतं पिकलं की चीक ओसरतो. म्हणून घाई करून चालत नाही, कारण तोडलेलं अंजीर आंब्यासारखं अढीत घालून पिकत नाही. आणि उशीर करूनही चालत नाही, कारण पिकलेलं फळ दोन-तीन दिवसांत आंबायला लागतं. पुरंदरच्या अंजिराचा रस २०२४ साली पोलंडला रवाना झाला. ताज्या फळाला मात्र मुंबई गाठायची म्हणजेसुद्धा जिकिरीचं काम.

अंजीर हे वड, पिंपळ, उंबराच्या कुळातलं. आपण फळ म्हणून जे खातो तो खरं तर आत मिटलेला फुलोरा. फुलं सगळी पोटात, बाहेर फक्त बुडाशी एक बारीक भोक. उंबर फोडलं की केंबरं उडतात ती त्याच वाटेनं आत शिरलेल्यांची प्रजा. आपल्या पुण्याच्या अंजिराला या पाहुण्यांची गरज नाही, ते परागाशिवायच धरतं. पण सुकवायला नावाजलेली तुर्कस्तानची स्मर्ना जात हटून बसते: इवलीशी गांधीलमाशी नर झाडाचा पराग घेऊन आली नाही, तर फळं कच्चीच गळतात. तिथले शेतकरी म्हणून नर झाडाची फळं आणून मादी झाडाला टांगतात. कॅलिफोर्नियावाल्यांनी १८८०च्या दशकात स्मर्नाची कलमं नेली, झाडं जोमानं वाढली आणि फळं मात्र टपाटपा गळत राहिली. माशी तिथे रुजवल्यावर, १८९९ साली, त्यांचं घोडं गंगेत न्हालं.

सुकं अंजीर म्हणजे शिळं झालेलं ताजं अंजीर नव्हे, ती चीजच वेगळी. तुर्कस्तानात फळ झाडावरच अर्धं वाळून खाली पडतं, मग उन्हात पसरतात. आपल्या बाजारात दोरीत ओवलेल्या, चेपलेल्या चकत्यांच्या माळा येतात त्या मुख्यतः अफगाणिस्तानच्या. ताज्याचा नाजूकपणा त्यांत नसतो, त्याऐवजी मधाळ, काहीसा काकवीसारखा खमंगपणा असतो. अशी चकती खाण्याआधी उघडून आत बघावी. कीड निघते कधीकधी.

आता गुणांविषयी. ताज्या अंजिरात शंभर ग्रॅमला जवळजवळ ऐंशी ग्रॅम पाणी, सोळाएक ग्रॅम साखर आणि तीनेक ग्रॅम तंतू. सुक्यात पाणी उडतं आणि बाकी सगळं दाटतं: तंतू दहा ग्रॅमच्या आसपास, कॅल्शियम दीडशे मिलिग्रॅमच्या वर, साखर मात्र निम्म्याच्या घरात. पोट साफ होतं ते तंतूंमुळे, हे खरंच आहे. पण लोह शंभर ग्रॅमला दोनेक मिलिग्रॅमच. दोन चकत्यांतून पुरतं एकही मिळत नाही. हिमोग्लोबिनची जबाबदारी त्या बिचाऱ्यावर टाकू नये. आणि मिठाईच्या दुकानातली ‘शुगर फ्री’ अंजीर बर्फी ही तर शुद्ध चलाखी. वरून साखर घातली नसेल, आत निसर्गानं पोटभर घातलेली आहे. मधुमेह असलेल्यांनी तो डबा तसाच पुढे सरकवावा.

सुकं बारा महिने मिळतं, त्याची काळजी नको. ताज्यासाठी मात्र उन्हाळ्यात एकदा सकाळी लवकर सासवडची वाट धरा. वरची देखणी रांग पाहून भुलू नका, खालचं फळ उचलून बघा. देठाशी मऊ आणि बुडाशी किंचित उललेलं घ्या, आंबूस वास आला तर सोडून द्या. मोजकीच घ्या, फ्रिजच्या भरवशावर ठेवू नका आणि त्याच दिवशी संपवा.