न भरणारी टाकी

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि आमच्या जुन्या घराचे छप्पर गेले. माझा पगार, पतपेढीचे कर्ज आणि यांनी कुवेतहून पाठवलेले पैसे, असे जमवत तीन वर्षांनी जांभ्या चिऱ्याचे नवे घर उभे राहिले. 2023च्या रमजान ईदनंतर आम्ही राहायला आलो.

संडासाची टाकी बांधताना गवंड्याने विचारले होते, "टीचर, तळ मोकळा ठेवू? वीस वर्षं टाकी भरायची नाही." आमच्या भागात टाकी न भरणे हे चांगल्या बांधकामाचे लक्षण मानतात. शिवाय सिमेंट वाचणार होते. मी म्हटले, "ठेवा मोकळा." हे शब्द माझेच होते, त्यामुळे आज एकट्या गवंड्याला दोष देता येत नाही.

जुलैत पावसाने जोर धरला. आधी संडासातले पाणी खाली जाईना. मग एका पहाटे न्हाणीच्या जाळीतून काळे पाणी वर आले. आमची वुझू करायची जागा तीच. सासूबाई, म्हणजे आमच्या अम्मी, शेजारच्या काकींच्या ओटीवर जाऊन वुझू करू लागल्या. काकी त्यांना आपल्या विहिरीचे पाणी तांब्यात भरून देत.

टाकी उपसायला दोन पोरे बादली आणि दोर घेऊन आली. त्यातला एक माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या वयाचा होता. बंद टाकीत हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन साचतो, आत उतरलेला माणूस क्षणात बेशुद्ध पडू शकतो. संरक्षणाशिवाय माणसाला टाकीत उतरवायला 2013च्या कायद्याने बंदी आहे. मी त्यांना चहा देऊन परत पाठवले.

मग डिप्लोमा झालेल्या माझ्या मामेभावाला फोन लावला. तो म्हणाला, "आपा, चांगली टाकी थोड्या दिवसांत भरते आणि भरलेलीच राहते. गाळ तळाशी बसतो, साय वर तरंगते, मधलं पाणी शोषखड्ड्यात जातं. जी भरत नाही, ती गळते." पावसाळ्यात जमिनीतले पाणी वर चढले आणि मोकळ्या तळातून आत शिरले. पण त्याच वाटेने आतले बाहेरही जात होते. कुठे जात होते, हे विचारायची मला हिंमत झाली नाही.

फोन ठेवून मी टेप घेतली. टाकीपासून काकींची विहीर 7 मीटर. सरकारी मानकात शोषखड्डासुद्धा विहिरीपासून किमान 18 मीटर दूर सांगितला आहे. पाणी तपासायची छोटी बाटली मिळवली, विहिरीचे पाणी भरून कपाटात ठेवली. दूषित असेल तर ते काळे पडते. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तेव्हा बाटली काळी झाली होती.

रात्रभर मी स्वतःशीच वाद घातला. काकींच्या गोठ्यातले शेणही विहिरीत झिरपत असेल. दोष आपलाच कशावरून? पण मी मुलांना शिकवते की नमाजेसाठी अंग, कपडे आणि जागा पाक हवी. माझी जागा पाक ठेवण्यासाठी मी माझी घाण शेजारच्या पाण्यात सोडली होती.

सकाळी जाऊन काकींना सगळे सांगितले. त्या बराच वेळ विहिरीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे अम्मीना वुझूला मी तेच पाणी देत होते?"

त्या ओरडल्या असत्या तर बरे वाटले असते.

ग्रामपंचायतीने विहिरीत टीसीएल पावडर टाकली. काकी पिण्याचे पाणी उकळू लागल्या. आम्ही ते चार महिने यांच्या बहिणीकडे काढले. डिसेंबरात जमिनीतले पाणी उतरल्यावर सक्शनची गाडी बोलावून टाकी उपसली. तळाला काँक्रीट, आतून गिलावा, मध्ये आडवी भिंत केली. शोषखड्डा रस्त्याच्या बाजूला, विहिरीपासून 20 मीटरवर नेला. वरच्या मजल्याचे पैसे त्यात गेले.

पुढच्या पावसाळ्यात पुन्हा बाटली भरली. तीन दिवस ती काळी पडली नाही. ती घेऊन मी काकींकडे गेले. त्यांनी बाटली उजेडात धरून पाहिली आणि विहिरीवर जाऊन अम्मींसाठी तांब्या भरला.

आमची टाकी आता भरलेली असते. दर दोन-तीन वर्षांनी गाडी बोलवावी लागेल. खर्च आहे, पण तो आमचा आहे.