बाबांचा ‘हाव’

पुस्तकी मराठीत हाव म्हणजे लोभ. आमच्या वऱ्हाडात ‘हाव’ म्हणजे हो, आणि पुष्कळदा तर तेवढंही नाही. समोरचा बोलत असताना मध्येमध्ये ‘हाव… हाव…’ म्हणायचं ते ‘सांग, मी ऐकतोय’ एवढ्यासाठीच. ऐकणारा गप्प राहिला तर बोलणाऱ्याला वाटतं, याचं लक्ष नाही. माझे बाबा 72 वर्षांचे आहेत. आर्णी तालुक्यातल्या आमच्या गावात ते जन्मभर असंच ऐकत आले. त्यांच्या या ‘हाव’ची कोणी एक दिवस किंमत लावेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

2025 च्या दिवाळीच्या सुटीत मी यवतमाळहून गावी गेले होते. पावसानं त्या साली पऱ्हाटीला चांगलाच मार दिला होता. तरी वेचणीआधीची सीतादहीची पूजा झाली होती आणि पहिली वेचणी चालू होती. बाबांचा फोन बटणांचा. तो प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून बंडीच्या आतल्या खिशात असतो. आमच्या शेतात रेंज मिळते ती फक्त धुऱ्यावरच्या बाभळीखाली. फोन वाजला की बाबा कमरेला बांधलेलं कापसाचं ओझं सोडून खाली ठेवतात, बोंडांच्या टोकांनी ओरखडलेली बोटं धोतराला पुसतात, पिशवीची गाठ सोडतात आणि ओळीतून वाट काढत धुऱ्यावर येतात. तोवर फोन थांबलेला असतो. मग ते तिथंच उभं राहून तो परत वाजायची वाट बघतात.

त्या दिवशी दुपारपर्यंत असे पाच फोन आले. पाचही विक्रीचे. कोणी म्हणे तुमचं प्रीपेड कार्ड पोस्टपेड करून घ्या, कोणी म्हणे आमच्या कंपनीत या, नंबर तोच राहील. एक तर नुसतीच रेकॉर्ड केलेली हिंदी टेप होती. बाबांनी तीही शेवटपर्यंत ऐकली, ‘हाव, हाव’ म्हणत.

मला राहवलं नाही. म्हटलं, “बाबा, ओळखीचा नंबर नसला तर उचलत नका जाऊ.”

“मंग ऑटोवाल्याचा फोन कोन उचलीन, माय?”

मी गप्प झाले. वेचणीच्या बाया शेजारच्या गावाहून ऑटोनं येतात. ऑटोवाला कधी स्वतःच्या फोनवरून बोलतो, कधी कोणाच्या. लाइनमन, कृषी केंद्र, जिनिंगवरचा माणूस, दवाखान्यात नेलेल्या भावकीतल्या पेशंटची खबर, हे सगळं अनोळखी नंबरावरूनच येतं. त्या हंगामात सीसीआयला, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाला, कापूस द्यायचा तर ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी करायची होती. ती मी माझ्या मोबाइलवर बाबांचा नंबर घालून केली होती. म्हणून तर बाबा प्रत्येक रिंगला ओळ सोडून धावत होते. अनोळखी नंबर उचलू नका हा सल्ला शहरात चालत असेल. शेतकऱ्याला मात्र ज्या फोनची वाट असते तो बहुतेक वेळा अनोळखीच असतो.

संध्याकाळी बाबांनी फोन माझ्या हातात दिला. “हे इंग्रजीत काय आलं, वाच बरं.” ते बिल होतं. 399 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, मिळून 471. बाबा तर दुकानात जाऊन रिचार्ज मारणारे. बिल कुठून आलं?

खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं. महिन्याभरापूर्वी एका मुलीचा फोन आला होता. गोड बोलत होती, ‘काका’ म्हणत होती. जुने ग्राहक म्हणून तुमची निवड झाली आहे, म्हणाली. “तिनं इचारलं, मोबाइलवर नंबर आला का? म्या म्हनलं, आला. वाचून दाखवा म्हने. दाखवला.” थोडं थांबून बाबा म्हणाले, “म्या तिले घेतो असं नाई म्हनलं, माय. मी तं आयकून रायलो होतो.”

ते वाक्य अजून माझ्या कानात आहे. त्यात तक्रार नव्हती. आपली काहीतरी चूक झाली आणि ती लेकीला सांगावी लागते आहे, एवढाच संकोच होता. मला राग आला तो त्या संकोचाचा. दोन मजूर बायांच्या दिवसाच्या वेचणीएवढे पैसे जात होते आणि मान खाली घातली होती माझ्या बापानं.

2021 पासून प्रीपेडचं पोस्टपेड नुसत्या ओटीपीवर करता येतं. त्याआधी नव्यानं कागदपत्रं द्यावी लागत. सोय म्हणून केलेली ही सुधारणा खरोखर सोयीची आहे, पण ओटीपी वाचून दाखवणं म्हणजे सही करणं, हे बाबांना कोणी सांगितलं होतं? त्यांच्या हिशेबी सही अंगठ्यानं किंवा पेनानं होते, आणि करण्याआधी चार माणसांना विचारलं जातं.

दुसऱ्या दिवशी बाभळीखाली बसूनच मी 198 लावला. हा कंपनीच्या तक्रार केंद्राचा नंबर, फुकट लागतो. तक्रारीचा क्रमांक मागून घेतला आणि बाबांच्या खताच्या हिशेबाच्या वहीत लिहून ठेवला. हा क्रमांक हातात नसेल तर पुढे कोणी उभं करत नाही. तक्रार केंद्रानं दाद दिली नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं, आणि त्यांना 39 दिवसांत निकाल द्यावा लागतो. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. मोबाइल कंपनीविरुद्ध तिथं दाद मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयानं 2022 मध्ये स्पष्ट केलं आहे. आम्हाला तेवढं लांब जावं लागलं नाही. आधार कार्ड घेऊन बाबांना यवतमाळच्या दुकानात नेलं, अर्ज दिला आणि नंबर परत प्रीपेड झाला. त्या महिन्याचं बिल मात्र भरावंच लागलं. शिवाय वेचणीचा एक अख्खा दिवस गेला, तो कोणत्याच बिलात दिसत नाही.

मग फोनचा पिच्छा सोडवायला बसले. 1909 वर ‘START 0’ असा मेसेज पाठवला की विक्रीचे सगळे फोन आणि मेसेज बंद करण्याची नोंद होते. बाबांनी लगेच विचारलं, “मंग पीएम किसानचा मेसेज येनार नाई का?” वर्षाचे 6000, दोन-दोन हजारांचे तीन हप्ते. त्या मेसेजची वाट अख्खं गाव बघतं. मी सांगितलं, बँकेचे आणि सरकारचे मेसेज येत राहतात, फक्त विक्रीवाले थांबतात. तरी पहिला बँकेचा मेसेज येईपर्यंत बाबांचा जीव थाऱ्यावर नव्हता.

नोंदणी केल्यावरही फोन पुरते थांबले नाहीत. नियमानं चालणाऱ्या विक्रेत्याचा नंबर 140 नं सुरू होतो. त्रास देणारे मात्र साध्या दहा आकडी नंबरावरून बोलतात, तुमच्या-माझ्यासारखेच. त्यांच्यासाठी तक्रार हाच उपाय. कोणत्या नंबरावरून, कोणत्या तारखेला, कशाचा फोन आला, एवढं 1909 ला कळवायचं. पूर्वी त्याला तीनच दिवस मिळत. फेब्रुवारी 2025 मध्ये दूरसंचार नियामक ट्रायनं ते सात केले आणि नोंदणी नसलेल्या विक्रेत्यावर कंपनीनं कारवाई करायची मुदत 30 दिवसांवरून पाचवर आणली. ज्याची लेक सुटीतच घरी येते, त्या बापाला तीन आणि सात दिवसांतला फरक मोठा असतो. आता बाबा त्याच खताच्या वहीत नंबर आणि तारीख लिहून ठेवतात. मी दर रविवारी फोनवर विचारून तक्रार टाकते. दिवसाला पाचाचे आता आठवड्याला दोन-तीन झाले आहेत.

गावात चार घरी ही गोष्ट सांगितली तेव्हा दोघांची बिलं निघाली. दोघंही हेच म्हणाले, आम्ही फक्त ऐकून राहिलो होतो. तेव्हापासून मला पक्कं वाटतं की ऐकून घेणं हा करार धरता कामा नये. ज्याला विकायचं आहे त्यानं ग्राहकाच्या भाषेत दर सांगावा, महिन्याला किती कटणार ते सांगावं, आणि घरी विचारायला एक दिवस द्यावा. गुरांच्या बाजारातही बैलाचे दात बघायला वेळ देतात.

बाबांना मी एवढंच शिकवलं की फोनवर आलेला नंबर कोणाला वाचून दाखवायचा नाही, काका म्हणणाऱ्यालाही नाही. ‘हाव’ म्हणू नका, असं नाही शिकवलं.

सुटी संपली त्या पहाटे साडेपाचला त्यांचा फोन वाजला. अनोळखी नंबर. बाबा चहाचा कप खाली ठेवून अंगणात गेले. “हाव… हाव… बारा बाया? हाव. ये ये, मी निंघालोच.” आणि बंडीत फोनची पिशवी सारून ते शेताच्या वाटेला लागले.