अंश, छेद आणि सामाईक अवयव

बीजगणितांतील अपूर्णांकांस संक्षिप्त रूप देणें हा विषय कित्येकांस रूक्ष वाटतो. माझा धाकटा भाऊ याच पायरीवर अडखळला व ‘गणित मला येणारच नाहीं’ असें म्हणूं लागला. त्यास शिकवितांना जें उमगलें, तें विद्यार्थिबंधुभगिनींपुढें व पालकांपुढें ठेवितों.

उदाहरण असें होतें: अंश क्ष² − ९, छेद क्ष² − ५क्ष + ६. भाऊ वरखालचे क्ष² खोडून मोकळा होई. मीं त्यास क्ष = ४ घेण्यास सांगितलें. मूळ अपूर्णांक ७/२ झाला. त्याच्या उत्तराची किंमत मात्र ९/१४ निघाली. आपलें चुकलें हें त्यास पटलें. कां चुकलें, हें कळेना.

आमच्या वसईकडे भावाभावांत वाडीची वांटणी होते, पण विहीर पुष्कळदां सामाईक राहते. जें सर्वांचें, तेंच सामाईक. येथें क्ष² हें वजाबाकीचें केवळ एक पद आहे. शेजारच्या ९ मध्यें तें नाहीं. म्हणून प्रथम अवयव पाडावे: वर (क्ष + ३)(क्ष − ३), खालीं (क्ष − २)(क्ष − ३). आतां (क्ष − ३) हा संपूर्ण अंशाचा व संपूर्ण छेदाचा अवयव आहे. तो काढला कीं (क्ष + ३)/(क्ष − २) उरतो; क्ष = ४ घेतां पुन्हां ७/२ येतात. हें पाहतांच भावाची मुद्रा खुलली.

हा विचार फार जुना आहे. एखाद्या संख्येस भाज्यानें गुणून क्षेप मिळविल्यावर हारानें निःशेष भाग जावा, अशी संख्या शोधण्याच्या रीतीस कुट्टक म्हणतात. भास्कराचार्यांनीं ११५० सालच्या ‘लीलावती’मध्यें, प्रथम या तिहींस समान अंकानें भागून लहान करावें, असें सांगितलें आहे. भाज्य व हार भागले जाऊन क्षेप तेवढा भागला गेला नाहीं, तर तो प्रश्नच सदोष होय. एखाद्या संख्येस ६ नें गुणून ५ मिळविल्यास ९ नें निःशेष भाग कधींच जाणार नाहीं. कारण ६ व ९ यांतील ३ हा अवयव ५ मध्यें नाहीं.

आणखी एक गोष्ट विसरूं नये. क्ष = ३ असतां मूळ अपूर्णांक ०/० होऊन अर्थहीन ठरतो; संक्षिप्त रूप मात्र ६ हें उत्तर देतें. म्हणून ‘क्ष ची किंमत २ किंवा ३ नसावी’ असें उत्तराशेजारीं लिहावें. अवयव निघून गेला, तरी त्यानें घातलेली अट राहतेच.

पालकांस एवढीच विनंती कीं, मुलानें भलतेंच खोडलें म्हणून त्यास मंदबुद्धि ठरवूं नये. एक संख्या घालून आपलें उत्तर त्याचें त्यालाच पडताळूं द्यावें.