निवळ पाण्याचा हिशेब

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांच्या शिवेवर, किन्हवलीकडून सरळगावला जाणाऱ्या रस्त्यापासून थोडे आत, आम्हां तीन कुटुंबांचे मिळून एक लहानसे घर आहे आणि घरापुढे पोहण्याचा तलाव. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद, सरासरी सव्वा मीटर खोल. गुणाकार केला तर चाळीस हजार लिटर पाणी. हा गुणाकार तलाव बांधतानाच आम्ही केला होता. त्याचा अर्थ मात्र फार उशिरा, एका मे महिन्यात कळला.

निमित्त झाले शेवाळाचे. एप्रिलअखेर पंप जळाला आणि आठवडाभर गाळणी बंद राहिली. पाचव्या दिवशी पाणी पोपटी झाले, आठव्या दिवशी त्यातली दुसरी पायरी दिसेना. नवल असे की क्लोरीन मोजले तर ते नेहमीइतकेच, म्हणजे दशलक्ष भागांत तीन भाग, भरत होते. पहारेकरी जागेवर उभा आणि तरीही घरफोडी झालेली, असा हा प्रकार होता.

उपचार आम्ही पुस्तकाबरहुकूम केले. आधी थोडे आम्ल घालून सामू ७.२ वर आणला. कारण सामू आठकडे सरकला की क्लोरीनची मारकशक्ती झपाट्याने घटते. मग संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, ब्लीचिंग पावडर बादलीत कालवून वरचे निवळ पाणी तलावात सोडले. भिंती ब्रशने घासल्या, गाळणी रात्रंदिवस चालू ठेवली. आधी वापरत होतो त्या ट्रायक्लोरच्या गोळ्यांचा डबा या पावडरीपासून दूर, वेगळ्या खोलीत नेऊन ठेवला. ही दोन द्रव्ये चुकून एकत्र आली तर आग लागते, हे ज्याच्या घरी तलाव आहे त्याने कधीही विसरू नये. तिसऱ्या दिवशी हिरवा रंग जाऊन पाणी ताकासारखे पांढुरके झाले. मेलेले शेवाळ ते. तुरटी फिरवली, पंप थांबवला. रात्रीतून सारा गाळ तळाशी बसला आणि तो नळीने बाहेर काढला. सहाव्या दिवशी तळाच्या फरशीच्या रेघा दिसू लागल्या.

शेवाळ मारणे हे काम शौर्याचे आहे. त्यात चढाई आहे, विजय आहे. त्यानंतरचे काम कारकुनाचे. आम्लाने आणि तुरटीने पाण्याची क्षारता पन्नासवर उतरली होती. ती ऐंशी ते एकशेवीसच्या दरम्यान हवी. नाहीतर सामू वाऱ्यावरच्या पानासारखा हलत राहतो. पावणेतीन किलो खाण्याचा सोडा घातल्यावर ती नव्वदवर आली. आता शेवटची तपासणी उरली होती, आणि ती आम्ही त्याआधी कधी केलीच नव्हती. नळीच्या तळाशी एक काळा ठिपका असतो. पाण्यात औषध मिसळले की ते गढूळते. ते नळीत ओतत जायचे आणि ठिपका कोणत्या खुणेपाशी दिसेनासा होतो ते पाहायचे. आमचा ठिपका जेमतेम नळी भरायला लागते तोच नाहीसा झाला. सायन्युरिक आम्ल, दीडशे.

पहारेकऱ्याचे कोडे इथे उलगडले. उघड्यावरचे क्लोरीन उन्हात तासाभरातच निम्म्याहून अधिक नाहीसे होते. सायन्युरिक आम्ल त्याला धरून ठेवते, उन्हापासून वाचवते. पण ते फार झाले की क्लोरीन इतके घट्ट धरते की त्याला काही करताच येत नाही. रक्षणाचाच अतिरेक. हे आम्ल घातले कोणी? आम्हीच. सोय म्हणून वापरलेल्या त्या गोळ्यांतून दर दहा भाग क्लोरीनमागे सहा भाग आम्ल पाण्यात उतरते. रोज दोन भाग क्लोरीन लागते असे धरले, तरी चार महिन्यांत आकडा दीडशेजवळ जातो. क्लोरीन खर्च होते, आम्ल राहते. ते उडत नाही, गाळले जात नाही, आणि त्यावर उतारा म्हणून टाकावे असे विश्वासाचे काही नाही. उपाय एकच: पाणी सोडून द्यायचे आणि नवे भरायचे. दीडशेचे पन्नास करायचे तर दोन तृतीयांश, म्हणजे सुमारे सत्तावीस हजार लिटर.

त्या संध्याकाळी आम्ही हे राखणदारांना सांगितले. ते तलावाच्या काठावर उकिडवे बसले, ओंजळभर पाणी उचलून पाहिले आणि म्हणाले, “शेठ, पाणी तर निवळ दिसतंय. मग सोडायचं कशाला?”

आम्ही क्लोरीन आणि आम्ल यांची गोष्ट सांगू लागलो आणि मध्येच थांबलो. कारण त्याच दिवशी सकाळी पलीकडच्या पाड्यावर टँकर यायचा होता तो आला नव्हता, आणि त्यांच्या घरच्या वहिनी आमच्याच बोअरवेलवरून दोन हंडे भरून गेल्या होत्या. दरडोई वीस लिटर धरले तरी सत्तावीस हजार लिटर म्हणजे साडेतेराशे माणसांचे एका दिवसाचे पाणी. ते पिण्याजोगे नव्हते, हे खरे. पण त्याच्या जागी आम्ही जे भरणार होतो ते पिण्याजोगेच होते, आणि पाड्याच्या विहिरीखाली जो कातळ आहे त्याच कातळाच्या भेगांतून ते येणार होते.

‘धरण उशाशी, कोरड घशाशी’ ही म्हण या भागाला लावली की आम्ही पूर्वी खेदाने मान हलवत असू. तानसा १८९२चे, मोडकसागर १९५७चे, मध्य वैतरणा २०१४चे. आणि मुंबईच्या पाण्याचा जवळजवळ निम्मा वाटा उचलणारे भातसा. शहापूरच्या डोंगरांतले पाणी आमच्या शहरातल्या नळाला येते, ते आम्ही आयुष्यभर वापरले. शनिवार-रविवारी इथे येऊन उरलेले वापरत होतो, हे मात्र त्या ओंजळीपर्यंत ध्यानात आले नव्हते.

पाणी सोडायचे नाही, असे ठरले. ठरवायला दोन दिवस लागले आणि आमच्यात थोडे कडू बोलणेही झाले. मुलांची सुट्टी होती आणि पाणी डोळ्यांसमोर निळे पडले होते. दीडशे आम्ल असताना शेवाळ रोखायचे तर क्लोरीन अकरा-बारावर ठेवावे लागते. गोळ्या बंद करून तेवढे द्रवरूप हायपोक्लोराइट घातले, वर ताडपत्री ओढली आणि तलाव बंद केला. बोअरवेलचा एक नळ कुंपणाबाहेर काढला.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ताडपत्री काढली. या मुलुखात पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. सव्वा मीटर खोलीच्या तलावावर दोन मीटर पाऊस म्हणजे तलावाच्या दीडपटीहून अधिक पाणी, फुकट आणि कोणाच्या हंड्यातले न घेता. ते पडत राहिले, जुने पाणी सांडीवरून ओसंडत राहिले. श्रावण संपता संपता काळा ठिपका पुन्हा पाहिला. आकडा चाळीसच्या आसपास होता. जे काम आम्ही दोन दिवसांत उरकणार होतो ते आभाळाने अडीच महिन्यांत केले.

तलाव आम्ही बुजवलेला नाही, हेही सांगितले पाहिजे. भाद्रपदापासून माघापर्यंत त्यात पोहतो. फाल्गुन लागला की ताडपत्री. पाण्याला विसर पडत नाही, जे घालावे ते त्यात राहते, एवढे रसायनशास्त्र आम्ही शिकलो. कुंपणाबाहेरचा नळ मे महिन्यात कधी कधी फुसफुसतो आणि थांबतो. तेव्हा तिथे हंडा ठेवून बसलेल्या बाईच्या नजरेला आमचे निवळ पाणी ताडपत्रीखालूनही दिसत असणार. त्याचा हिशेब अजून जुळलेला नाही.