कांद्याचे कूळ

आमच्या आईपुढे कोणाचेही नाव काढा, ती आधी कूळ विचारणार. नवा भाडेकरू असो की नातवाचा मित्र, ‘कुळी कंची म्हणायची त्यांची?’ हा प्रश्न चहाच्या आधी ठरलेला. कोल्हापुरात याचे कोणाला नवल वाटत नाही. नवल एवढेच, की तिच्याच घरात कुळांचा रीतसर अभ्यास करणारी मुलगी निघाली. ती माझी लेक. तिची कुळे मात्र झाडांची. शिवाजी विद्यापीठात ती वनस्पतिशास्त्र शिकते आणि कंदांच्या फुलझाडांवर तिचा भारी लोभ.

तिने सांगितलेली कांद्याची कथा मोठी गमतीची आहे. बेंथॅम आणि हूकर या दोघा इंग्रज पंडितांनी १८६२ ते १८८३ या काळात सपुष्प झाडांची कुळे लावली. अशा कंदवाल्यांसाठी त्यांची कसोटी साधी होती. फुलातला बीजकोश पाकळ्यांच्या वर असला तर लिलीचे कूळ, खाली असला तर अमॅरिलिसचे. कांदा लिलीच्या घरात गेला. थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ काढला. त्यातही कांदा, रानकांदा, मुसळी, शतावरी, कळलावी ही सारी मंडळी त्या एकाच वाड्यात नांदत होती.

१९३४ साली हचिन्सन म्हणाले, बीजकोशाचे राहू द्या, फुलोरा पाहा. कांद्याची फुले दांड्याच्या टोकाला छत्रीच्या काड्यांसारखी एकाच जागेतून फुटतात. हा अमॅरिलिसचा थाट! त्यांनी कांदा तिकडे नेला. पुष्कळांना ते पटले नाही. पुढे जनुकांची तपासणी झाली. १९९८ साली कांद्याने स्वतंत्र बिऱ्हाड थाटले आणि २००९ साली तो पुन्हा अमॅरिलिसच्या घरी आला. लिलीचा जुना वाडा तर पार विखुरला. कळलावी वेगळी झाली. मुसळी आणि रानकांदा शतावरीच्या कुळात गेले. त्याच २००९ साली मालपुरे आणि यादव या अभ्यासकांनी गोठण्याच्या नावाने मुसळीची एक नवी जात जाहीर केली, ती अँथेरिकेसी कुळातली म्हणून. त्याच वर्षीच्या नव्या मांडणीत ते कूळच शतावरीच्या कुळात जमा झाले. बारशालाच आडनाव बदलले म्हणायचे!

आई हे सारे कौतुकाने ऐकत असे. पण या श्रावणात लेकीने आपल्या मनातला मुलगा घरात सांगितला. मुलगा शिकलेला, स्वभावाने गोड. पण जात वेगळी. आईने आदळआपट केली नाही. तिने नातीशी बोलणेच सोडले. आरडाओरडा परवडला असता.

आठ दिवसांनी नात तिच्याजवळ निशिगंधाचा हार गुंफायला बसली. म्हणाली, ‘‘आजी, निशिगंधाचं कूळ कोणतं, ठाऊक आहे? घायपाताचं. बांधावरचा तो काटेरी घायपात, ज्याचे दोर वळतात. २०१७ साली याचं शास्त्रीय नावसुद्धा घायपाताच्या घराण्यात घातलं. मग हा हार देवीला घालायचा की नाही? आणि मुसळी नि रानकांदा तर एकाच कुळातले. मुसळीच्या कोवळ्या पानांची भाजी करतात, रानकांदा विषारी. कुळावरून नातं कळतं गं, गुण नाही कळत.’’

आई काही बोलली नाही. हार मात्र तिने स्वतःच्या हाताने देवीला घातला.

शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात आंतरजातीय विवाहांना कायद्याचे बळ दिले, त्याला शंभर वर्षे उलटली. कायदा दार उघडतो. उंबरा ज्याचा त्यानेच ओलांडायचा असतो, आणि ऐंशीच्या घरातल्या पायांना तो जरा उंच वाटणारच. त्यासाठी मी आईला घाई करीत नाही आणि लेकीला थांब म्हणत नाही.

लग्न अजून ठरलेले नाही. भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी मुलगा फराळाला यायचा आहे. काल आईने सुनेला बजावले, ‘‘चकलीची भाजणी औंदा दोन वाट्या जास्त घे.’’

कारण आम्ही कोणीच विचारले नाही.