श्रीवर्धनच्या वाडीतली अबोली

वीकएंडला कोकण म्हटलं की ऑफिसच्या ग्रुपचा कार्यक्रम ठरलेला असतो. बीच, बांगडा फ्राय, सोलकढी, ढीगभर फोटो आणि सोमवारी सकाळी डोळे चोळत पुन्हा डेस्कवर. समुद्राकडे पाठ करून अर्धा तास एखाद्या वाडीत शिरावं, हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. श्रीवर्धनला गेलात तर एकदा करून बघा. रस्त्यावर घामाच्या धारा लागलेल्या असतात आणि वाडीचं बेडं ओलांडलं की कुणीतरी एसी लावल्यासारखं वाटतं!

हा एसी मजल्यामजल्यांचा असतो. सगळ्यात वर माड, त्याच्याखाली सडपातळ पोफळी, त्यांच्या खोडांवर चढलेले मिरीचे वेल, मग जायफळ आणि केळी. जमिनीपर्यंत ऊन पोचतं ते गाळून, कवडशांच्या रूपात. तिथे, पाटाच्या कडेला, अबोली फुललेली असते.

सावलीतल्या बागेसाठी इंग्रजी पुस्तकं हमखास प्रिमरोझ सुचवतात. दिसतो गोड, पण तो पडला थंड हवेचा गडी. त्याची भावंडं आपल्या हिमालयात फुलतात, कोकणातला मे महिना त्याला झेपायचा नाही. इथे ती जागा अबोलीची. दक्षिण भारत आणि श्रीलंका हे तिचं माहेर, त्यामुळे दमट हवेची तिला सवय. वास अजिबात नाही, म्हणून गजऱ्यात मोगरा किंवा मरव्याची सोबत लागते. पण रंग असा, की आपण त्या रंगालाच ‘अबोली’ म्हणतो.

मी उतरले होते त्या घरच्या काकूंची वाडी घरामागेच आहे. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर. पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडल्या. “अगं, लग्न होऊन आले तेव्हापासून वाडीत असं ऊन पडलेलं मी कधी बघितलंच नव्हतं,” काकू सांगत होत्या. “दुसऱ्या दिवशी मागचं दार उघडलं तर डोळेच दिपले.”

खरी गोम पुढेच आहे. पोफळ नवीन लावायची, तर तिच्या कोवळ्या रोपालाही सावलीच लागते. उघड्या उन्हात, त्यातही पश्चिमेच्या, ते करपतं. म्हणजे सावली देणाऱ्या झाडालाच आधी सावली हवी! म्हणून पहिली लागतात केळी. ती वर्षभरात डोक्यावर येतात, त्यांच्या आडोशाला पोफळ वाढते आणि फळ धरायला पाच ते सात वर्षं घेते. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली. कोकण कृषी विद्यापीठाचं सुपारी संशोधन केंद्रही इथलंच. पण उत्पन्न येईपर्यंतची ती वर्षं घर चालवायचं कशावर, हे ज्याचं त्याला बघावं लागलं. काकूंनी दोन खोल्या पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली, ती तेव्हाच.

“आणि अबोली?” मी विचारलं.

“पानं पिवळी पडली. मग उचलली आणि विहिरीच्या भिंतीआड नेऊन लावली. केळी वर आल्यावर परत जागेवर.”

सुपारीचा हिशेब डोक्यात असताना फुलझाडं कोण हलवत बसतं? काकू बसल्या. मला त्या बाईचं फार कौतुक वाटलं.

आता तुमच्या फ्लॅटचं बघू. पूर्वेची गॅलरी असेल तर तुम्ही लकी, कारण अबोलीला सकाळचं कोवळं ऊन आणि नंतर सावली असली की पुरे. अगदी काळोख्या कोपऱ्यात मात्र फुलं येणार नाहीत. ८-१० इंचांची कुंडी, भुसभुशीत माती, शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड घ्या. पेंड विसरू नका, कारण मुळांना लागणारे सूत्रकृमी हा अबोलीचा जुना शत्रू आहे. माती ओलसर हवी, चिखल नको. तुऱ्यावर फुलं खालून वर उमलत जातात. तुरा संपला की खुडून टाका, नवे फुटतात. पुणेकरांनी थंडीत झाड भिंतीजवळ घ्यावं.

बी हवं असेल तर मात्र दोन-चार तुरे झाडावरच वाळू द्या. वाळलेल्या बोंडांवर पाणी पडलं की ती फट्‌कन फुटतात आणि बी लांब उडतं. काकूंच्या नातवाचा हा आवडता खेळ आहे. वाटीभर पाण्यात बोंडं टाकायची आणि कान देऊन बसायचं. नर्सरीत ‘दिल्ली’ नावाची गडद केशरी अबोली मिळते, तिला बी धरत नाही. ती फांदीवरून लावायची.

जायचं कसं? मुंबई-गोवा हायवेने माणगाव, तिथून म्हसळामार्गे श्रीवर्धन. कोकण रेल्वेने आलात तर माणगावला उतरून एसटी. पावसाच्या तोंडावर गेलात तर रोपं मागायला लाजू नका. पिशवी मात्र घरून न्या. काकू ओल्या मातीसकट देतात आणि कारची सीट खराब झाली तर ऐकून घेत नाहीत.